पोलिसांचे बळ आणि हातातला मोबाइल : गोव्यात चित्रीकरण कुठवर चालते

नाकाबंदीवर दुचाकी थांबवली जाते, कागदपत्रांवरून शब्दाला शब्द वाढतो, मागे बसलेला मोबाइल काढतो आणि लगेच दटावणी येते, "ए, शूटिंग बंद कर. ३५३ लावीन." कळंगुट-बागाच्या रस्त्यापासून पत्रादेवीच्या चेकनाक्यापर्यंत कुठेतरी असे काही घडते, त्याची क्लिप व्हॉट्सॲपवर फिरते आणि खाली वाद पेटतो. काहींच्या मते पोलिसांचे चित्रीकरण हा गुन्हाच आहे. काहींच्या मते हातात मोबाइल असला की पोलिसांना काहीच करता येत नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत. त्यातला दुसरा जास्त धोक्याचा, कारण त्याच्या भरवशावर माणूस कॅमेरा थेट पोलिसाच्या नाकाशी नेतो आणि स्वतःची खरी बाजूही कच्ची करून बसतो.

कायद्यात चित्रीकरण करणाऱ्याची जागा साक्षीदाराची आहे. तो जोवर साक्षीदार राहतो, तोवर कायदा त्याच्या बाजूने बराच भक्कम आहे. तो भांडणात उतरला की ते संरक्षण झपाट्याने पातळ होते. म्हणून आधी पोलिसांना किती बळ वापरता येते ते पाहू, मग कॅमेऱ्याकडे येऊ. काय बेकायदा आहे हेच माहीत नसेल, तर नेमके काय टिपायचे हे कळत नाही.

बळ वापरायचा अधिकार कुठून येतो

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. पुढे पहिलीला ‘सुरक्षा संहिता’ आणि दुसरीला ‘न्याय संहिता’ म्हणू. पोलिसांचे अधिकार पहिलीत आहेत, गुन्हे आणि शिक्षा दुसरीत.

सुरक्षा संहितेचे कलम ४३ सांगते की माणूस अटकेला विरोध करत असेल किंवा निसटू पाहत असेल, तर अटक करण्यासाठी लागणारे सगळे उपाय पोलीस वापरू शकतात. ‘सगळे उपाय’ हे शब्द मोठे वाटतात, पण त्यांना लगेच दोन लगाम आहेत. ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा मृत्यू घडवून आणण्याचा हक्क हे कलम देत नाही. आणि कलम ४६ म्हणते की अटक झालेल्याला पळून जाण्यापासून रोखण्यापुरतेच जखडायचे, त्याहून जास्त नाही.

यातून एक गोष्ट निघते, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बळ कायदेशीर की बेकायदा हे माणसावरून ठरत नाही, क्षणावरून ठरते. फुटबॉलमध्ये चेंडू पायात असताना घातलेला टॅकल चालतो आणि चेंडू निघून गेल्यावर घातलेला तसाच टॅकल फाऊल ठरतो, तसे हे आहे. झटापट करणाऱ्याला जमिनीवर दाबून धरणे कायद्यात बसू शकते. तोच माणूस हात मागे बांधून बसल्यावर त्याला मारलेली लाथ बसत नाही. आधी त्याने कितीही शिव्या दिल्या असोत.

वाहतुकीच्या चलनाला हे लावून पाहा. हेल्मेट नाही, परवाना दाखवला नाही, उद्धटपणे बोलला, या सगळ्याला कायद्यात दंड आहे, कागद ताब्यात घेणे आहे, ठरावीक परिस्थितीत वाहन अडकवून ठेवणे आहे. थप्पड कुठेच नाही. कुणाला इजा करणे हा न्याय संहितेच्या कलम ११५ खाली गुन्हा आहे आणि त्यातून खाकी वगळलेली नाही. कबुलीसाठी मारहाण केली तर कलम १२० लागते. त्यात सात वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापत असल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

मग उलट हात उचलावा का? अजिबात नको. न्याय संहितेचे कलम ३७ स्वसंरक्षणाच्या हक्काला इथे आडवे येते. लोकसेवक सद्भावनेने, आपल्या पदाच्या अधिकारात काही करत असेल आणि त्यातून मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती नसेल, तर त्याची कृती कायद्याला काटेकोर धरून नसली तरी स्वसंरक्षणाचा हक्क मिळत नाही. थप्पडीला थप्पड दिली की पोलिसाच्या गुन्ह्याची केस मागे पडते आणि तुमच्या गुन्ह्याची पुढे येते.

जमाव हटवताना

आंदोलनाचे गणित वेगळे आहे. कलम १४८ प्रमाणे बेकायदा जमावाला, किंवा शांतता बिघडवू शकेल अशा पाच वा अधिक जणांच्या जमावाला आधी पांगण्याचा आदेश द्यावा लागतो. तो कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो, पोलीस स्थानकाचा प्रमुख देऊ शकतो, आणि तो नसेल तर किमान उपनिरीक्षक. गोव्यात कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे बहुधा मामलेदार किंवा उपजिल्हाधिकारी, म्हणून मोर्च्याच्या ठिकाणी ते हजर दिसतात. आदेश ऐकूनही जमाव हलला नाही, किंवा हलणार नाही असे त्याच्या वागण्यावरून दिसले, तरच बळ.

म्हणून चित्रीकरणात भोंग्यावरून दिलेला इशारा आला आहे का, किती वेळा दिला, आणि इशारा व पहिली लाठी यांत किती वेळ गेला, हे फार मोलाचे असते. लाठी कुठे पडते तेही बघायचे. जमाव पांगवणारी लाठी कमरेखाली चालते. डोक्यावर, मानेवर किंवा पळणाऱ्याच्या पाठीवर पडलेल्या लाठीचे समर्थन करणे अधिकाऱ्याला जड जाते. अश्रुधुराची नळकांडी माणसांवर सरळ रोखून मारायची नसतात.

सर्वोच्च न्यायालयाने यावर दोनदा ठळकपणे बोट ठेवले आहे. दिल्लीच्या रामलीला मैदानावर २०११ साली मध्यरात्री झोपलेल्या लोकांवर झालेल्या कारवाईबद्दल २०१२ च्या निकालात न्यायालयाने पोलिसांना दोष दिला. २०१६ च्या अनिता ठाकूर खटल्यात तर तत्त्वच मांडले : हिंसक जमाव आवरायला बळ वापरणे रास्त आहे, पण तो आटोक्यात आल्यावरही मारत राहणे हा अधिकाराचा गैरवापर आहे. त्या खटल्यात आंदोलकांकडूनही दगडफेक झाली होती. तरीही त्यांना भरपाई मिळाली.

गोव्यात ६ जानेवारी २०२१ रोजी सत्तरीतल्या शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जमिनीवरून ग्रामस्थ आणि पोलीस समोरासमोर आले. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला गेला, दगडफेक झाली, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. त्या दिवसाची मोबाइलवरची चित्रीकरणे राज्यभर पाहिली गेली. आधी काय घडले, दगड की लाठी, यावर तेव्हा झालेला वाद अशा प्रत्येक प्रसंगात होतो, आणि त्याचे उत्तर सलग चित्रीकरणातच सापडू शकते. वीस-वीस सेकंदांचे तुकडे हा वाद मिटवत नाहीत, वाढवतात.

मग चित्रीकरणाचा हक्क आहे का?

‘नागरिकांना पोलिसांचे चित्रीकरण करता येईल’ असे शब्दशः सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. पण सार्वजनिक जागी कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसाचे चित्रीकरण सरसकट गुन्हा ठरवणारे कलमही कुठे नाही, आणि जे मना केलेले नाही ते करायला नागरिकाला परवानगी लागत नाही. पाठीशी राज्यघटनेचे अनुच्छेद १९ आहे. माहिती मिळवणे आणि देणे हा अभिव्यक्तीचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालय अनेकदा म्हणाले आहे. त्यावरचे निर्बंधही कायद्यानेच घालावे लागतात, हवालदाराच्या तोंडी हुकमाने नाही.

शिवाय कायदा स्वतःच आता कॅमेऱ्यावर उभा आहे. सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण पोलिसांनीच करायचे आहे, आणि ‘शक्यतो मोबाइलवर’ असे शब्द त्या कलमात आहेत. वाहतूक पोलिसांच्या अंगावर कॅमेरे आले आहेत. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस स्थानकात सीसीटीव्ही लावायला सांगितले : प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकाची खोली, सगळीकडे, आवाजासह. रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचे, तेवढे साठवणारी यंत्रणा मिळेपर्यंत निदान एक वर्षाचे. न्यायालयाला पोलिसांवर जो कॅमेरा हवा आहे, तो नागरिकाच्या हातात आला म्हणून आपोआप गुन्हा कसा होईल?

‘पोलीस स्थानकात शूटिंग म्हणजे ऑफिशियल सिक्रेट्स’

ही धमकी सर्रास दिली जाते, आणि गोव्यापुरते तिचे उत्तर स्पष्ट आहे. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात ‘प्रतिबंधित जागा’ कोणत्या याची व्याख्या आहे. लष्करी आस्थापना, शस्त्रागारे, तळ असे त्यात येते. वर्ध्याच्या एका पोलीस स्थानकात झालेले बोलणे चित्रित केले म्हणून एका माणसावर या कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला. व्याख्या परिपूर्ण आहे आणि तिच्यात पोलीस स्थानक नाही, असे न्यायालय म्हणाले. गोवा याच उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतो, त्याचे खंडपीठ पर्वरीला आहे. त्यामुळे हा निकाल इथल्या पोलिसांनाही लागू आहे. निकालाचे नाव लक्षात ठेवा : रवींद्र उपाध्याय विरुद्ध महाराष्ट्र राज्य.

मात्र यातून कुणी भलताच अर्थ काढू नये. स्थानकात फिरत फिरत सगळ्यांचे चित्रीकरण करायचा परवाना हा निकाल देत नाही. तिथे घरच्या मारहाणीची तक्रार घेऊन आलेली बाई असते, मुले असतात, आरोपी असतात. स्वतःचे अधिकाऱ्याशी झालेले बोलणे, नोंदवून न घेतलेली तक्रार, स्वतःला मिळालेली वागणूक, एवढ्यापुरते राहा.

‘३५३ लावीन’ म्हणजे नेमके काय

जुन्या दंड संहितेचे कलम ३५३ म्हणजे लोकसेवकावर हल्ला करून किंवा बळ वापरून त्याला कर्तव्यापासून रोखणे. नव्या संहितेत ते कलम १३२ झाले. तोंडात अजून जुनाच आकडा बसलेला आहे. (न्याय संहितेतले कलम ३५३ अफवा पसरवून सार्वजनिक उपद्रव करण्याबद्दल आहे. नोटीस हातात आली की कोणत्या संहितेचे कलम लिहिले आहे ते आधी वाचा.) कलम १३२ दखलपात्र (म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येते) आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. म्हणून त्याची भीती खरी आहे. पण ते लागायला हल्ला किंवा बळ हवे. चार मीटरवर शांत उभे राहून धरलेला मोबाइल म्हणजे बळ नव्हे. पोलिसाचा हात झटकला, त्याची कॉलर किंवा दंडुका धरला, मोबाइल त्याच्या छातीला टेकवला, तर मात्र त्या कलमाला दार उघडले.

दुसरे कलम २२१, कामात जाणूनबुजून अडथळा. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत किंवा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात कोर्ट परस्पर दखल घेऊ शकत नाही. संबंधित लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार कोर्टापुढे यावी लागते.

खरी सावधगिरी हवी ती तिसऱ्या तरतुदीबद्दल, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. सुरक्षा संहितेचे कलम १७२ नवीन आहे. प्रतिबंधात्मक कारवाईच्या प्रकरणाखाली पोलिसाने दिलेले कायदेशीर निर्देश पाळणे सगळ्यांवर बंधनकारक आहे. न पाळणाऱ्याला पोलीस तिथून हटवू शकतात, ताब्यात घेऊ शकतात, न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेऊ शकतात, किंवा किरकोळ प्रकरण असेल तर २४ तासांच्या आत सोडू शकतात. म्हणजे ‘दहा पावले मागे व्हा’, ‘रस्ता मोकळा करा’, ‘दोरीच्या पलीकडे थांबा’ हे सांगितले की मागे व्हायचे. चित्रीकरण चालू ठेवून मागे व्हायचे. हुज्जत घालत जागेवर उभे राहिलात तर तुम्हाला उचलायचे कारण तुम्हीच दिले. ‘व्हिडिओ डिलीट करा’ हा मात्र असा निर्देश होऊ शकत नाही. पुराव्यात वापरता येईल असा इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हाच न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे.

बोलायचे ते एवढेच : "साहेब, मी बाजूला उभा आहे. तुमच्या कामात येत नाही. फक्त रेकॉर्ड करतोय." समोरचा ‘तू’ म्हणाला तरी आपण ‘तुम्ही’च म्हणायचे. आवाजही पुराव्यात जातो आणि न्यायाधीश तो ऐकतात.

कॅमेरा कुठे खाली घ्यायचा

दाबोळीला नौदलाचा आयएनएस हंसा तळ आहे. अशा संरक्षण आस्थापनांच्या आसपास वर सांगितलेला निकाल कामाला येत नाही, तिथे शासकीय गुपिते कायदा खरोखर लागू होतो. न्यायालयात परवानगीशिवाय चित्रीकरण नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि अत्याचारपीडित मुलांबाबत पॉक्सोचे, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचे, कलम २३ आहे. या दोन बाबतींत ‘मी तर पोलिसांचे चित्रीकरण करत होतो’ हा बचाव चालत नाही. छापा चालू असताना थेट प्रक्षेपण करू नका. आतल्या माणसाला पोलीस कुठे आहेत हे कळले तर तो खराखुरा अडथळा आहे.

मोबाइल मागितला, हिसकावला तर

जप्तीचा अधिकार आहे, पण लहरीवर नाही. कलम १०६ प्रमाणे एखादी वस्तू गुन्ह्याचा संशय यावा अशा परिस्थितीत सापडली तर पोलीस ती ताब्यात घेऊ शकतात, पण तशी जप्ती न्यायदंडाधिकाऱ्याला कळवावी लागते. तुमच्या मोबाइलमध्ये एखाद्या गुन्ह्याचा पुरावा असेल, तर कलम ९४ खाली लेखी नोटीस देऊन तो मागवता येतो. रस्त्यावर हातातून ओढून ‘उद्या ये न्यायला’ हे यांतल्या कशातच बसत नाही.

तरी ओढाताण करू नका. तिथेच कलम १३२ चा सापळा आहे. मोठ्याने, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असे सांगा की माझी संमती नाही, पंचनामा करा आणि प्रत द्या. पंचनाम्यात मोबाइलची कंपनी, मॉडेल आणि आयएमईआय क्रमांक आला पाहिजे. प्रत्येक फोनला असलेला हा पंधरा आकडी ओळखक्रमांक *#०६# डायल केल्यावर दिसतो. तो आजच घरी लिहून ठेवा, फोन हातात नसताना तो पाहायचा कसा? बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडणारे लॉक बंद करून सहा आकडी पिन ठेवा. आरोपीला पिन सांगण्याची सक्ती करता येते का यावर उच्च न्यायालयांची मते एकसारखी नाहीत, पण बोट धरून स्क्रीनवर टेकवायला क्षणही लागत नाही.

दबावाखाली क्लिप पुसावी लागली, तर घाबरून जाऊ नका. ती गॅलरीच्या ‘रिसेंटली डिलीटेड’ किंवा ‘बिन’मध्ये बहुतेक फोनांत साधारण ३० दिवस राहते. तिथूनही गेली असेल तर त्या फोनवर नवीन चित्रीकरण, डाउनलोड काही करू नका. नवा डेटा जुन्यावर लिहिला गेला की परत मिळवणे कठीण होते.

कोर्टात टिकेल असे चित्रीकरण

बहुतेक क्लिपा इथे मार खातात. घटना खरी असते, पण चित्रीकरण उशिरा सुरू झालेले असते, कापलेले असते, किंवा मूळ फाइलच उरलेली नसते.

वाद चढतोय असे दिसले की तेव्हाच सुरू करा, पहिल्या फटक्याची वाट पाहू नका. बहुतेक अँड्रॉइड फोनांत पॉवरचे बटण दोनदा दाबले की कॅमेरा उघडतो. घरी तपासून घ्या. आपल्याकडच्या पावसात ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही, तेव्हा व्हॉल्यूमच्या बटणाने रेकॉर्डिंग सुरू होते का तेही पाहा. फोन आडवा धरा, कोपरे छातीला टेकवा म्हणजे हात हलत नाही. तीन ते पाच मीटर अंतर पुरते. त्याहून जवळ गेलात तर हात आणि लाठी एका चौकटीत मावत नाहीत, आणि अडथळ्याचा आरोपही सोपा होतो. फ्लॅश बंद ठेवा. रात्री हेडलाइट कॅमेऱ्यात शिरला की समोरचे सगळे काळे पडते, म्हणून दिव्याला पाठ करून उभे राहा. किनाऱ्यावर वारा आवाज खातो, तेव्हा फोनच्या खालच्या टोकाचा माइक तळहाताच्या आडोशाला ठेवा, पण झाकू नका.

पहिले दहा सेकंद रुंद दृश्य घ्या : ठिकाण, दुकानाची पाटी, किती माणसे. मग मुख्य प्रसंग. त्यात नावाची पट्टी आणि गाडीचा क्रमांक आला पाहिजे. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर स्पष्ट दिसणारी नावाची पट्टी असणे कलम ३६ प्रमाणे बंधनकारक आहे. पट्टी नसेल तर ‘पट्टी नाही’ हीसुद्धा नोंद आहे. तारीख, वेळ, जागा एकदा तोंडाने बोला. बाकी गप्प राहा. ‘बघा बघा, गुंडगिरी’ असे धावते समालोचन चालू असले की समोरचे खरे संवाद बुडतात आणि तुमचा पूर्वग्रह तेवढा ऐकू येतो. प्रसंग संपल्यावरही अर्धा मिनिट चालू ठेवा. १०८०पीवर मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा लागते. फोन आधीच भरलेला असेल तर ऐन वेळी रेकॉर्डिंग तुटते.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की फाइल दाबली जाते आणि तिच्यातली वेळ-ठिकाणाची मूळ नोंद पुसली जाते. ती प्रत गाजायला पुरते, सिद्ध करायला नाही. पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. कापू नका, बाण-वर्तुळे काढू नका, नाव बदलू नका, संगीत तर नकोच. आणि केस चालू असेपर्यंत तो फोन एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊ नका.

याचे कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. पेनड्राइव्ह किंवा सीडीवरची प्रत कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग फोन वापरणारा भरतो, दुसरा तज्ज्ञ. त्यात उपकरणाचा तपशील आणि फाइलचे हॅश मूल्य लिहायचे असते. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची ओळ. फाइलमध्ये इतकासा बदल झाला तरी ती पूर्ण बदलते, म्हणून भेसळ झाली की नाही ते कळते. मूळ फोनच कोर्टात हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर या प्रमाणपत्राची गरज पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालात जुन्या पुरावा कायद्यातल्या याच तरतुदीबद्दल सांगितले आहे. त्याच दिवशी संगणकावर एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढून तो स्वतःलाच ईमेल करून ठेवलात तर तारखेचा पुरावाही तयार होतो.

‘पोलिसांनाही अब्रू आहे, आणि क्लिप अर्धवट असते’

हे आक्षेप हलके नाहीत. पोलिसाच्या घराचे, कुटुंबाचे, जेवणाच्या सुट्टीचे चित्रीकरण करणे चुकीचेच आहे. खासगीपणाचा हक्क त्यालाही आहे. पण भर रस्त्यात, गणवेशात, कायद्याने दिलेले अधिकार वापरताना तो खासगी व्यक्ती नसतो.

अर्धवट क्लिपेचे तर पूर्णपणे मान्य करावे लागते. दगड मारणारा हात कापून फक्त लाठी दाखवणारी क्लिप अन्याय करते, आणि असा अन्याय गोव्यातल्या प्रामाणिक शिपायांवर झालेला पाहून संताप येतो. त्यावर इलाज चित्रीकरण बंद करणे नाही, पूर्ण चित्रीकरण करणे आहे. खोट्या आरोपातून सुटायला अशा शिपायाला सलग फुटेजच उपयोगी पडते. पोस्ट करताना मथळ्यात फक्त जागा, तारीख, वेळ आणि डोळ्यांनी पाहिलेले लिहा. ‘लाच मागत होता’, ‘दारू प्यायला होता’ हे फुटेजमध्ये नसेल तर लिहू नका. बदनामीचे कलम ३५६ तुमच्यावर उलटू शकते. आणि पोस्ट करण्याआधी तक्रार करा. व्हायरल झालेल्या क्लिपेवर कुणाची तरी बदली होते, लोक समाधानाने पुढच्या क्लिपेकडे वळतात, आणि मार खाल्लेल्या माणसाच्या हाती काहीच राहत नाही.

पहिले दोन दिवस, आणि पुढे

मारहाण झाली असेल तर आधी सरकारी रुग्णालय : बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), म्हापशाचे किंवा मडगावचे जिल्हा रुग्णालय. डॉक्टरांना ‘एमएलसी नोंद करा’ असे स्पष्ट सांगा. ही पोलीस-प्रकरण म्हणून होणारी वैद्यकीय नोंद असते. ‘पडलो’ म्हणून सांगून मोकळे होऊ नका, नंतर ते कागदावरून पुसता येत नाही. वळांचा रंग दिवसागणिक बदलतो, म्हणून त्याच दिवशी आणि पुढचे तीन-चार दिवस, शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून फोटो काढा. अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी कलम ५३ प्रमाणे व्हावीच लागते, आणि २४ तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करतात. मार लागला असेल तर तिथे, त्या क्षणी, तोंडाने सांगायचे.

त्याच दिवशी पोलीस स्थानकाच्या निरीक्षकाला आणि पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या की अमुक तारखेचे, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचे सीसीटीव्ही आणि अंगावरच्या कॅमेऱ्याचे फुटेज जपून ठेवा. सैनी निकालाचा उल्लेख करा, पोचपावती घ्या. नंतर ‘फुटेज राहिले नाही’ असे उत्तर आले तर ही पोचपावती तुमचा मुख्य कागद ठरते. माहिती अधिकारातही फुटेज मागता येते. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि कुणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास.

स्थानकात गुन्हा नोंदवून घेतला नाही तर सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार अधीक्षकांना पाठवायची, तरीही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तक्रार कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल असेल, तर तपासाचा आदेश देण्यापूर्वी न्यायदंडाधिकारी वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल मागवतात, त्यामुळे वेळ लागतो. खटल्यासाठी सरकारची मंजुरी लागत असेल, तर सरकारने १२० दिवसांत निर्णय घ्यायचा आहे. नाही घेतला तर मंजुरी दिली असे धरले जाते. जुन्या कायद्यात ही मुदत नव्हती, आणि प्रकरणे वर्षानुवर्षे तिथेच अडायची.

याशिवाय राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे आणि पणजीत गोवा मानवी हक्क आयोग आहे. आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावे लागते, त्यानंतर त्याला चौकशीच करता येत नाही. वकील परवडत नसेल तर १५१०० या विधी सेवा क्रमांकावर फोन करा. कोठडीतल्या कोणालाही, आणि उत्पन्न कितीही असले तरी महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना वकील मोफत मिळतो.